जिथं ती बसते

मेलेल्या माणसाच्या नावानं पत्रव्यवहार करणं हा गुन्हा आहे की नुसता आगाऊपणा, याची चौकशी यार्मिला कोसोव्हानं कधी केली नव्हती. तिचा सगळा जन्म तुर्नोवजवळच्या एका लहान गावात पोस्टाच्या खिडकीमागं गेला होता. पोस्टात पाकिटावरचं नाव बघायचं असतं. ते लिहिणारा हात कुणाचा, याच्याशी पोस्टाला कर्तव्य नसतं. त्यामुळं नवरा गेल्यावर त्याच्या नावानं उत्तरं लिहायला तिनं सुरुवात केली, तेव्हा तिच्या मनाला फारसा त्रास झाला नाही.

उत्तरं तरी कितीशी. लुडव्हीकनं मागं ठेवलेल्या इस्टेटीत हत्यारांची एक पेटी, हिवाळी बुटांचे दोन जोड आणि रानातला एक डबा होता. हा डबा कावळ्यांच्या कड्यावर होता, आणि लोक त्याच्याबद्दल विचारत.

ज्यांना या खेळाचा नाद नाही त्यांना तो समजावून सांगणं अवघड आहे. एकजण दगडाच्या खाचेत डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. दुसरा फोन हातात धरून डोंगर चढतो, डबा हुडकतो, आतल्या वहीत सही करतो, डबा होता तसा लपवतो आणि घरी जेवायला जातो. बक्षीस नसतं. डब्यात फार तर एखादं बटण किंवा प्लास्टिकचा बेडूक असतो. चांगली कर्ती, मुलाबाळांची, घराचे हप्ते फेडणारी माणसं हे करतात आणि जी करत नाहीत त्यांची कीव करतात.

खेळात प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं. लुडव्हीक शाळेत दुरुस्तीची कामं करायचा. पोरांच्या सायकली फुकट नीट करून वर त्यांना सफरचंद देणारा हा माणूस. त्यानं नाव घेतलं होतं ब्रुचोउन, म्हणजे कुरकुऱ्या. हे नाव खरं तर घरात बायकोला पडलेलं होतं. त्यानं ते नुसतं वापरायला घेतलं.

डबा सापडल्याचं कुणी कळवलं की तो लांबलचक उत्तर लिहायचा. कड्यावर वारा होता का, परतताना खालच्या खानावळीत लसणाचं सूप घेतलंत का, पुढच्या वेळी धाकटीलाही आणा. तो गेल्यावरही उत्तरं जात राहिली, फक्त ती आखूड झाली. "नीट बघा." "आहे तिथंच आहे." एकाला तर नुसतंच "डोळे?" असं गेलं. पोस्टाच्या खिडकीची सवय. कुरकुऱ्या अखेर आपल्या नावाला जागला, असं संकेतस्थळावर कुणीतरी लिहिलंसुद्धा.

यातली अडचण एवढीच होती, की डबा नेमका कुठं आहे हे यार्मिलाला ठाऊक नव्हतं.

तसा कडा ठाऊक होता. वर्षानुवर्षं ती लुडव्हीकबरोबर तिथं जात आली होती. पण तो शोधायचा आणि ती बसायची. बसून उकडलेली अंडी सोलायची, पाठीला गार लागतंय म्हणायची, आणि शहाण्या माणसानं रविवारी घरी झोपावं असं ऐकवायची. त्यानं स्वतःचा डबा लपवला तेव्हाही ती तिथंच होती. "दाखवू?" त्यानं विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "मला काय करायचंय?" हा प्रश्न पुढं तिला अनेकदा आठवला. त्याचं उत्तर आता तिला चांगलंच येत होतं.

संकेतस्थळावर त्यानं दिलेला इशारा एका ओळीचा होता: जिथं ती बसते.

उन्हाळ्यात तक्रारी वाढल्या. सापडत नाही, सापडत नाही, बहुधा नाहीसा झालाय. मग त्या भागातले डबे सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाची सूचना आली. या स्वयंसेवकाचं टोपणनाव घुबड, आणि त्याचा स्वर त्याला साजेसा होता. मालकानं जागेवर जाऊन डबा तपासावा आणि महिनाअखेरीपर्यंत कळवावं, नपेक्षा डबा कायमचा बंद करण्यात येईल. कायमचा म्हणजे कायमचाच. कडा आता राखीव रानात मोडत होता आणि नवे डबे ठेवायला तिथं बंदी होती. जुने होते ते मालक बघत असेतो राहायचे. मालकानं हात काढला की संपलं.

सूचना यार्मिलानं सकाळी वाचली, दुपारी वाचली आणि संध्याकाळी नणंदेला फोन केला. यार्मिलाच्या उजव्या खुब्यात नवी वाटी बसवलेली होती आणि गाडी चालवायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती. ओतिलाकडं गाडी होती. ओतिला लुडव्हीकची थोरली बहीण. वय झालेल्या पुरुषानं जंगलात चहाचे डबे लपवावेत हे तिला भाऊ हयात असतानाही पटलं नव्हतं, आणि तो गेल्यामुळं तिचं मत बदलावं असं तिला वाटत नव्हतं. डबा बंद होणार म्हणजे नक्की काय होणार, असं तिनं दोनदा विचारलं. यार्मिलाला नीट सांगता येईना. त्याच्या नावापुढं अजून 'चालू' असं हिरव्या अक्षरात दिसतं, एवढंच ती म्हणाली. मग ओतिला म्हणाली, की पाऊस होऊन गेलाय, अळंबी वर आली असणार, म्हणून ती येते आहे. डब्यासाठी नाही.

खानावळीपाशी गाडी लावून दोघी निघाल्या. वाट लहानच. झाडांवरच्या वाटखुणेच्या हिरव्या पट्ट्या बघत जायचं, वालुकाश्मात कोरलेल्या पायऱ्या चढायच्या, की कडा. धडधाकट माणूस एक सिगारेट संपेपर्यंत पोचतो. यार्मिला नवऱ्याची सरकती काठी घेऊन एकेक पायरी चढत होती. काठी तिच्यासाठी उंच होती आणि ती आखूड कशी करायची ते तिला कळलं नव्हतं. ओतिला दर वळणावर वाट सोडून झाडांत शिरायची, तिचं फक्त वाकलेलं बूड दिसायचं. वरून उतरणारी माणसं रिवाजाप्रमाणं नमस्कार करत होती. यार्मिला परत नमस्कार करायची आणि तिच्यामागून झुडूपही करायचं.

"ओतिला, आपण अळंब्यांना नाही आलो."

"तू नाही आलीस," झुडूप म्हणालं. "तू चाल. तुझ्या वेगानं मी सगळं रान झाडून तुझ्याआधी वर पोचते."

आणि तसंच झालं. यार्मिला वर पोचली तेव्हा ओतिला टोपली मांडून दम खात होती.

कड्यावरून खालचं खोरं, ओळीनं उभे असलेले खडकांचे सुळके, आणि पार पलीकडं दोन शिंगांचा पडका किल्ला दिसत होता. यार्मिलानं यातलं काही बघितलं नाही. तिला दिसला तो बाक. नवाकोरा, तेल पाजलेला, पाठ असलेला बाक. पदभ्रमण मंडळानं कठड्याशेजारी तो केव्हातरी आणून बसवला होता. इथं तिच्या आठवणीत बाक नव्हता.

पण आधी देवमाता मारिया. कडेच्या पाइनच्या खोडाला मारियेची तसबीर ठोकलेली होती, मांडीवर बाळ घेऊन बसलेली. जिथं ती बसते. यार्मिलाचा सगळा हिशेब या तसबिरीवर होता. मात्र तो आणखी बऱ्याचजणांनी आधीच केलेला दिसत होता, कारण खोडाभोवतालचं शेवाळ खरवडून काढलेलं होतं, मुळं उघडी पडली होती, आणि तसबिरीमागं बोटं घालून घालून चौकट एका बाजूला कलली होती. तिथं काही नव्हतं. ओतिलानं चौकट सरळ केली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि लोकांना लाज उरली नाही असं म्हणाली.

मग बाक. यार्मिलाला वाकता येत नव्हतं म्हणून ओतिला गुडघ्यावर बसली, बाकाखाली हात फिरवला आणि चिकटपट्टीनं डकवलेली एक नळी ओढून काढली. औषधाच्या गोळ्यांची नळी. झाकण फुटलेलं, आत पाणी, पाण्यात कागदाचा लगदा.

"घे. हा तुझा डबा."

यार्मिलानं नळीकडं पाहिलं आणि ती काय आहे ते तिला कळलं. या खेळातल्या भल्या माणसांची ही एक खोड आहे. डबा सापडला नाही की डबा हरवला असं ती ठरवतात, खिशातून आपली नळी काढून तिथं ठेवतात, तिच्यात स्वतःच सही करतात आणि 'सापडला, मालकाला मदतही केली' असं अभिमानानं जाहीर करतात. पुढचे लोक ती नळी शोधतात. मग ती भिजते, आणि तक्रारी मालकाकडं येतात. कुणीतरी इशारा वाचला होता, बाक बघितला होता, आणि बसायची जागा म्हणजे बाकच, अशी आपली समजूत करून घेतली होती. लुडव्हीकच्या डब्याला कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता. डबा मुळात असलाच तर.

ओतिला व्यवहारी बाई. तिनं पिशवीतून लोण्याचा एक रिकामा डबा काढला. घरून निघतानाच तो तिनं धुऊन आणला होता. यात कोरी वही घालू, दगडाआड ठेवू, घुबडाला कळवू की डबा ठीक आहे, आणि जेवू. कुणाला काय कळणार आहे?

कुणालाच कळणार नव्हतं, हे खरंच होतं. यार्मिला डबा हातात घेऊन उभी राहिली. झाकणावर हसरी गाय होती. आतापर्यंत इतकी उत्तरं त्याच्या नावानं खपून गेली होती, त्यात आणखी एक. हिरवी अक्षरं हिरवीच राहिली असती.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"मग तो माझा डबा होईल. त्याचा कुठाय?"

ओतिलानं यावर वाद घातला नाही. तिनं पावात दाबलेले तळलेले मांसाचे काप आणि काकडीचं लोणचं बाहेर काढलं आणि निदान बसून तरी घे म्हणाली. यार्मिला बाकाकडं वळली, पण बाक बुटका होता. असल्या बाकावर बसलं की नव्या खुब्याला उठवत नाही, हे तिला दवाखान्याच्या बाहेर एकदा कळलं होतं. ती तशीच पुढं गेली, कड्याच्या आतल्या अंगाला खडकाचा एक उंच कंगोरा होता त्याच्यावर टेकली, पाठ खडकाला लावली आणि पाठीला गार लागतंय म्हणाली.

ओतिलाचा घास तोंडाशी थांबला.

"मी एकदा आले होते तुमच्याबरोबर," ती सावकाश म्हणाली. "लुडाच्या पन्नाशीला. तू तिथंच बसली होतीस. त्या वेळीही हेच म्हणालीस. तो मला म्हणाला, हिला इथनं दोर लावून ओढलं तरी हलायची नाही."

यार्मिलानं काठी खडकाला टेकवून ठेवली.

"यार्मिलो, हात खाली सोड."

तिनं उजवा हात सोडला. बोटं आपोआप एका फटीत गेली. आत एक चपटा दगड होता, दारासारखा उभा केलेला. तो बाजूला सरकवला. त्याच्यामागं गार पत्रा लागला. वाकावं लागलं नाही, वळावं लागलं नाही, खुब्याला कळलंसुद्धा नाही. दुकानात मापं घेऊन शिवतात तसा तो डबा तिच्या हाताच्या मापानं ठेवलेला होता.

चहाचा पत्र्याचा जुना डबा. तो घरातून कुठं गेला म्हणून तिनं एका हिवाळ्यात नवऱ्याला बरंच बोलून घेतलं होतं. आतलं सगळं कोरडं. वही, पेन्सिल, एक बेडूक, खेळण्यातलं चाक. वहीच्या पहिल्या पानावर लुडव्हीकच्या अक्षरात मजकूर होता. काळजाला हात घालावा असं त्यात काही नव्हतं. नियमाप्रमाणं प्रत्येक डब्यात घालावा लागतो तो हा मजकूर: हा कचरा नाही, हा एका खेळाचा भाग आहे, कृपया होता तसा परत ठेवावा. यार्मिलानं तो वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. तिनं डबा घाईघाईनं कोटाच्या पदराखाली घेतला.

एक तरुण जोडपं वर आलं. त्यांनी नमस्कार केला, या दोघींनी केला. पुरुषाच्या हातातला फोन झटकन खिशात गेला. खेळणाऱ्यांची ही रीत असते. परकं माणूस जवळ असलं की शोधायचं नाही, निसर्ग बघायचा. ती दोघं निसर्ग बघू लागली. यार्मिलाही बघू लागली. ओतिलाला ही रीत ठाऊक नव्हती, पण सगळे बघतायत म्हटल्यावर तिनंही किल्ल्याकडं तोंड केलं. चौघांनी बराच वेळ त्या किल्ल्याचं इतकं मनापासून कौतुक केलं, की किल्ला अवघडला असेल.

मग बाईच्या बुटाची नाडी सुटली. ती नेमकी बाकापाशी बांधावी लागली आणि बांधताना एक हात बाकाखाली फिरला. नंतर नवऱ्याला मारियेबद्दल अचानक भक्ती वाटू लागली. शेवटी बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि हळूहळू तिची नजर खडकाच्या कंगोऱ्यावर, त्यावर बसलेल्या म्हातारीवर आणि तिथून तिच्या कोटाच्या फुगलेल्या पदरावर आली.

"बाई, रागावू नका हं," ती म्हणाली, "पण तुम्ही जरा उठता का?"

"डबा पाहिजे असेल तर उठायला नको," ओतिला म्हणाली. "तो तिच्या मांडीवर आहे."

तो राडिम आणि ती वेन्दुला, म्लादा बोलेस्लावहून आलेले. या डब्यासाठी त्यांची ही तिसरी खेप. तुम्हीही खेळता का, असं राडिमनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डब्याच्या मालकाबद्दल मन मोकळं केलं. काय एकेक माणूस असतो. आपण इतक्या लांबून यायचं, अदबीनं विचारायचं, आणि साहेब लिहिणार, 'नीट बघा.' दुसऱ्यांदा विचारलं तर 'डोळे?' एवढंच.

"इतका खडूस माणूस डबे लपवतो तरी कशाला?"

ओतिलाला लोणच्याचा ठसका लागला.

यार्मिलानं डबा मांडीवरून काढून शेजारी ठेवला. "तो खडूस नव्हता," ती म्हणाली. "ते मी लिहिलं. तो गेला. आता येईल तो दुसरा हिवाळा."

हे वाक्य तिनं खेळातल्या कुणापुढं आजवर उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर विशेष काही झालं नाही. राडिमनं टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. वेन्दुला तिच्या शेजारी कंगोऱ्यावर येऊन बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, की मग ती, इशाऱ्यातली ती, म्हणजे—

"नाहीतर काय, मारिया?" ओतिला म्हणाली.

वेन्दुलानं वही उघडून यार्मिलाच्या पुढं धरली. आधी तुम्ही. यार्मिलानं मान हलवली. मालक आपल्याच डब्यात सही करत नाही. तशी सही म्हणजे या खेळात चोरी. इतकं तिला बसल्या जागी ऐकून ऐकून माहीत होतं.

"पण मालक तुम्ही नाही," वेन्दुला म्हणाली. "तुम्ही शोधलात. तुम्हाला सापडला."

पेन्सिल यार्मिलाच्या हातात होती. सही करायची म्हणजे मान्य करायचं, की कुरकुऱ्या ती नव्हती, तो वेगळा होता, आणि तो आता उत्तर द्यायला नव्हता. न करावी तर डबा परत फटीत, उद्यापासून पुन्हा 'आहे तिथंच आहे', आणि नाव हिरव्या अक्षरात. खाली खोऱ्यात कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

यार्मिलानं लिहिलं: यार्मिला कोसोव्हा. टोपणनाव तिच्याकडं नव्हतं. खाली तारीख घातली, पोस्टाच्या शिक्क्यासारखी, ठसठशीत.

मग तिनं वेन्दुलाच्या फोनवरून घुबडाला लिहिलं. मालक वारला आहे. डबा जागेवर असून शाबूत आहे. बाकाखालची नळी त्याची नव्हे, ती काढली. मी त्याची बायको. यापुढं डबा मी बघितला तर चालेल का? इशाऱ्यातली ती म्हणजे मी.

यात धोका होता, हे राडिमनं प्रामाणिकपणे सांगितलं. डबा दुसऱ्याच्या नावावर करायला पहिल्या मालकाची संमती लागते. घुबड नियमाला पक्का आहे. जिवंत माणसांचे डबेसुद्धा त्यानं कागद अपुरे म्हणून बंद केले आहेत.

यार्मिला म्हणाली की पाठव. आणि डबा तिनं होता तसा फटीत ठेवला, दगडाचं दार लावलं.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. राडिमनं काठी तिच्या मापाची करून दिली. खानावळीत चौघांनी सूप मागवलं. ओतिलानं अळंब्या टेबलावर पसरल्या आणि त्यातल्या कुठल्या खाऊन माणूस मरतो ते राडिमला समजावून सांगितलं. वेन्दुलाचा फोन मिठाच्या बाटलीला टेकून उभा होता. यार्मिला त्याच्याकडं बघत नव्हती. ती इतक्या निर्धारानं बघत नव्हती, की सूप तसंच राहिलं.

फोन वाजला. वेन्दुलानं तो तिच्यापुढं सरकवला. यार्मिलानं वाचलं आणि परत सरकवला. ओतिला म्हणाली की तिचा चष्मा गाडीत राहिलाय, मोठ्यानं वाचा.

"'पहिल्या मालकाची लेखी संमती आवश्यक आहे,'" वेन्दुलानं वाचलं. "'इशारा तपासला. मालकानं जागा 'तिच्या' नावे लिहिली आहे. संमती त्यात आहे. डबा आपल्या नावावर करत आहे. घुबड.'"

ओतिलानं एक अळंबी उचलली, देठ बघितला, खाली ठेवली. नाक ओढलं.

"माझ्या भावाला उभ्या जन्मात एक वाक्य सरळ लिहिता आलं नाही," ती म्हणाली.

"आलं की," यार्मिला म्हणाली, आणि चमचा उचलला.